येण्याआधी तिथी विचारा: मालवणात सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना खुले पत्र

मालवण, तारकर्ली आणि देवबागेत सुट्टीला येणाऱ्या सर्व कुटुंबांस,

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबाची लाल प्लास्टिकची बादली अजून आमच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेली आहे. तिच्यात एक पिवळं खोरं आहे आणि माशाच्या आकाराचा एक साचा. बादली ज्या मुलीची, ती असेल पाचेक वर्षांची. घरात पाऊल टाकल्यापासून ती एकच विचारत होती, "बेट कधी बघायचं?" तिला कुणीतरी सांगितलं होतं की पाण्याच्या मधोमध वाळूचं बेट असतं आणि त्यावर किल्ला बांधता येतो.

असतंच. आमच्या घराच्या मागेच असतं. देवबाग ही एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. आमच्या खळ्यातून लाटांचा आवाज येतो आणि मागच्या दारातून खाडीतल्या होड्या दिसतात. याच खाडीत, नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, वाळूची पुळण वर येते. तिलाच लोक त्सुनामी बेट म्हणतात, कारण 2004 च्या त्सुनामीनंतर ती वर आली असं इथे सगळे सांगतात. पण ही पुळण दिवसभर दिसत नाही. भरती चढली की तिच्यावरून पाणी फिरतं आणि ओहोटी लागली की ती हळूहळू उघडी पडते.

त्या कुटुंबाच्या वडिलांकडे छापील कागद होता. सकाळी सातला स्कूबा, दहाला किल्ला, बाराला त्सुनामी बेट, दोनला जेवण, चारला गोव्याकडे प्रयाण. दिवस होता पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा. बारा वाजता होडीने त्यांना बेटावर नेलं तेव्हा तिथे बेट नव्हतं, गुडघ्याच्या वर पाणी होतं. मुलगी आईच्या कडेवर बादली घट्ट धरून बसली होती, तिला खाली सोडताच येईना. परत आल्यावर वडील म्हणाले, "ही फसवणूक आहे." जेवताना कुणी फारसं बोललं नाही. चार वाजता गाडी निघून गेली. साडेपाचला मी मागच्या दारी भांडी घासायला बसले तर समोर पुळण वर आलेली, ओली, लखलखीत, तिच्यावर बगळे उतरलेले. त्यानंतर पडवीत झाडू मारताना बादली सापडली.

चूक त्या माणसाची नव्हती. शहरात नोकरी करणाऱ्याला सलग चार दिवस रजा मिळणं किती कठीण असतं ते आम्हाला कळतं. मोजक्या तासांत मुलांना सगळं दाखवायचं म्हणून त्याने कागद केला होता, प्रेमानेच केला होता. ते बेट बाराला नसेल हे मला ठाऊक होतं. सकाळच्या घावन्यांच्या गडबडीत मी ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मालवणात येताना हॉटेल, गाडी, राईड हे सगळं ठरवण्याआधी त्या दिवसाची तिथी बघा आणि दिवसाचा कार्यक्रम भरती-ओहोटीवर बसवा. इथली जवळजवळ प्रत्येक मजा पाण्याच्या चढण्या-उतरण्यावर अवलंबून आहे, आणि हीच गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही.

माझे सासरे चाळीस वर्षं रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला, जात होते. आज त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, दिसतं कमी, पण सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न तोच, "आज तीथ खयची?" उत्तर मिळालं की ते मनातल्या मनात हिशेब करतात आणि सांगतात की आज सुकती कितीला. कोकणातल्या दर्यावर्दी घरांत हा हिशेब सगळ्यांना येतो. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिलाच आमच्याकडे सुकती म्हणतात. म्हणजे चतुर्थीला सुकती सकाळी नऊला आणि अष्टमीला ऐन दुपारी. तासभर इकडेतिकडे धरायचा. वाऱ्याने, पावसाने, नदीला पाणी असेल तर फरक पडतो. मोबाईलवर मिनिटांसकट वेळा मिळतात, त्या जरूर बघा. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून पाच वर्षांच्या पोरालाही हे गणित करता येतं, आणि आमच्याकडे आलेल्या मुलांना ते करायला फार आवडतं असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट तिथीवरूनच कळते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना आडवी जाते, पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. ते भांग. मुंबईच्या मानाने आमच्या किनाऱ्याला पाण्याची चढउतार बरीच कमी आहे, तरी पुळण दिसणार की नाही हे ठरवायला ती पुरते.

आता काय बघायचं, कधी बघायचं, ते माझ्या पद्धतीने सांगते.

किल्ल्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हीही तिथूनच करता. मालवणच्या जेट्टीवरून होडीत बसलात की दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत, 1667 मध्ये, ते पुरं झालं. भूमिपूजन झालं तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. जेट्टीवर रांगेत उभी राहणारी बहुतेक माणसं तो न बघताच होडीत चढतात. आधी धोंडा बघा, तिथून किल्ल्याकडे बघा, मग होडी धरा.

होडी किल्ल्याच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तट वळत वळत येतो आणि त्या वळणातच दरवाजा दडवलेला आहे. मुलांना होडीतच सांगा, दरवाजा कोण आधी शोधतो बघू. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं हे शाळेत वाचलेलं असतं. पण ओहोटी चालू असताना गेलात तर तटाच्या खालचे ते काळे खडक उघडे दिसतात, त्यांवर आपटणारी लाट दिसते, आणि त्या पाण्यात माणसांनी उभं राहून दगड कसे बसवले असतील हा प्रश्न आपोआप पडतो. भरतीच्या वेळी हा भाग पाण्याखाली असतो.

आत गेल्यावर घाई करू नका. गर्दीच्या दिवसांत होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, कारण त्यांनाही फेऱ्या असतात. जास्त वेळ हवा असेल तर बसतानाच सांगा, मागून येणाऱ्या होडीने परत या. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं. त्याच्याजवळच दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि आत हे गोड पाणी, हे लहान मुलांना ओंजळीत घेऊन दाखवण्यासारखं आहे. तटावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे घुमटीत जपून ठेवलेत. आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांना आधीच भरून ठेवलेल्या धान्यावर काढावं लागतं. त्यांच्या अंगणातून जाताना ते अंगण आहे हे लक्षात ठेवा.

किल्ल्याच्या बाजूचा पद्मगड मात्र मी मुद्दाम सांगणार. दांडीच्या किनाऱ्यावरून सुकतीला तिथे चालत जाता येतं. पाण्याच्या मधून वाळूची वाट उघडी पडते, मुलांचा हात धरून घोटाभर पाण्यातून जायचं, वेताळाच्या देवळात नमस्कार करायचा आणि पाणी फिरायच्या आत परत यायचं. एका छोट्या सफरीत मुलांना समुद्र कळतो तो असा. पण इथे तिथीशिवाय चालतच नाही. सुकतीच्या तासभर आधी निघा आणि स्थानिक माणसाला विचारून निघा. पाणी चढायला लागलेलं दिसलं की फोटो पुरा करायला थांबू नका.

मालवण गावातच रॉक गार्डन आहे. सूर्यास्ताला तिथे गर्दी होते आणि लोक बाकांवर बसून मावळतीचे फोटो काढतात. मी तर सांगेन की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर पहाटे उजाडताना जा. त्या दिवसांत पहाटेची सुकती मोठी असते आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं. त्यात बोटभर मासे असतात, शेवाळाखाली दडलेल्या कुर्ल्या असतात, खडकाला चिकटलेली कालवं असतात. पाच मिनिटं न हलता बसलात तर खळग्यातलं सगळं हलायला लागतं. चपला रबरी तळव्याच्या घाला, खडक शेवाळाने निसरडे असतात. खळग्यातलं काही उचलून पिशवीत भरू नका, मुलांनाही भरू देऊ नका.

त्याच्या जवळचाच चिवला बीच. हा किनारा इतर किनाऱ्यांपेक्षा शांत आहे. डिसेंबरात इथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, राज्यभरातून मुलं येतात. आणि रापण बघायची असेल तर हा किनारा, दांडी किंवा तारकर्ली.

रापणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमचं घर त्यावर उभं राहिलं. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी वीस-वीस, तीस-तीस माणसं दोर ओढत येतात. दोर खांद्यावर घेऊन पाठमोरं चालायचं, टाचा वाळूत रुततात, एकजण मागून ओरडतो आणि सगळ्यांची पावलं एकदम पडतात. तास-दीड तास हे चालतं. जाळं जवळ आलं की पाणी चंदेरी होतं, तारल्या, पेडवे, बांगडे उड्या मारायला लागतात. मासे वर आले की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या खांद्यावर दोराचा वळ अजून आहे, चार बोटं रुंद, तिथली कातडी बाकीच्या कातडीपेक्षा गुळगुळीत झाली आहे.

पाहुण्यांनी दोराला हात लावला तर रापणकरांना राग येत नाही, उलट जागा करून देतात. पण विचारून लावा. आणि ओढून झाल्यावर ढिगातले मासे हातात घेऊन फोटोसाठी उडवू नका, ते कुणाच्या तरी घरचं त्या दिवसाचं मीठ-भात आहे. घ्यायचे असतील तर तिथल्या बायकांकडून विकत घ्या आणि जिथे उतरलात तिथे द्या. त्या बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार खाल्लं की हॉटेलातलं जेवण आठवणार नाही. रापण कधी लागेल हे मात्र कुणी आदल्या दिवशी छातीठोक सांगू शकत नाही. मासळी किनाऱ्याला आली की लागते. म्हणून तुमच्या चार दिवसांतली एक सकाळ तरी मोकळी ठेवा.

स्कूबाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारता. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रत्येकासोबत पाण्यात प्रशिक्षक असतो आणि फार खोल नेत नाहीत. पण दिसेल काय, ते पाण्याच्या गढूळपणावर आहे. उधाणाला पाण्याची ओढ जास्त असते आणि तळातली वाळू ढवळून निघते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी, नवमी, दशमीच्या आसपास, पाणी त्या मानाने निवळ असतं. आणि सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात वारा फिरलेला असतो, लाट उठलेली असते. मे महिन्यात येऊन, पौर्णिमेला पाण्यात उतरून, काहीच दिसलं नाही म्हणून जे चिडतात त्यांना माझं सांगणं आहे की तारीख बदलता येत असेल तर बदला, निदान तिथी तरी बदला.

हेही माहीत असू द्या. किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा बराच भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण 29 चौरस किलोमीटरचं. खाली जे रंगीत दगडासारखं दिसतं ते जिवंत प्रवाळ आहे. त्यावर पाय ठेवला तर तुटतं आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. मासे जवळ यावेत म्हणून कुणी पाव-बिस्किटं टाकायला दिली तर नको म्हणा. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही नको म्हटलंत की ते बंद होईल. आम्ही म्हटलं तर होत नाही.

पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राईड यांवर मी फार लिहीत नाही. मुलांना आवडतात, करा. जॅकेट नीट बांधा, होडीत किती माणसं चढली ती मोजा, जास्त वाटली तर उतरा.

पण पोहण्याबद्दल मला ठासून लिहायचं आहे. एप्रिल 2017 मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठजण बुडाले. त्या संध्याकाळी या सगळ्या पट्ट्यात कुणाच्या घरी चूल पेटली असेल असं मला वाटत नाही. आमच्या होड्यांनीच त्यांना बाहेर काढलं. देवबागच्या संगमाशी तर ओहोटीच्या वेळी नदीचं सगळं पाणी एकाच तोंडातून समुद्रात ओढलं जातं. वरून पाणी शांत दिसतं, लाटही नसते, म्हणून लोकांना ती जागा पोहायला बरी वाटते. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते आणि तो चार पावलं पुढे गेलेला असतो. संगमावर सूर्यास्त बघा, वाळूत बसा, पाण्यात उतरू नका. पोहायचंच असेल तर गावातल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर त्याला आणखी कारण विचारत बसू नका.

खाडीतली सैर मात्र भरती चढत असताना करा. कर्लीच्या काठाने कांदळवन आहे, पाणी चढलं की होडी त्या झाडांच्या मुळांपर्यंत जाते. खंड्या दिसतो, घार दिसते, हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरलेली असतात. सुकतीला याच खाडीत बायका कमरेत वाकून तिसरे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढताना दिसतील. तिसरे डोळ्यांनी शोधत नाहीत, पायाच्या बोटांनी चाचपतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते जमत नव्हतं, पायाला नुसते दगड लागायचे. सासूबाईंनी शिकवलं. आता तुमच्या मुलांना मी शिकवते, ज्यांना चिखलात पाय घालायची तयारी असते त्यांना.

डॉल्फिन आमच्याकडे गादा म्हणून ओळखतात. सकाळी समुद्र शांत असतो तेव्हा बघायला जा, दुपारी वारा सुटला की पाण्यावर पांढरे फेस उठतात आणि पाठ कुठली, लाट कुठली ते कळत नाही. गादा दिसला की होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा आणि थांबा. पाठलाग केलात तर एकदा पाठ दिसेल आणि संपेल. थांबलात तर तो स्वतःहून फिरून येतो, कधी पिल्लू घेऊन येतो.

हिवाळ्याच्या शेवटी आलात तर तोंडवळीकडे वाकडी वाट करा. तळाशील-तोंडवळी हीसुद्धा आमच्यासारखीच समुद्र आणि खाडीच्या मधली पट्टी आहे. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. अंडी घातल्यापासून दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, बहुतेक वेळा पहाटे किंवा संध्याकाळी. गावातली माणसं घरट्यांना जाळी लावून रात्रीचा पहारा करतात. तळहाताएवढीही नसलेली ती पिल्लं समुद्राकडे कशी सरकतात ते बघायला मिळालं तर बॅटरी विझवा, मोबाईल खिशात ठेवा आणि मागे उभे राहा. उजेड दिसला की ती पाण्याऐवजी उजेडाकडे वळतात.

आता तुम्ही विचाराल की नेमकी ऐन दुपारी भरती असेल आणि सगळ्या पुळणी बुडालेल्या असतील तर मुलांना घेऊन जायचं कुठे. धामापूरला जा. मालवणहून कुडाळला जाणाऱ्या वाटेवर आहे. डोंगरांच्या कुशीत 1530 मध्ये बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. 2020 मध्ये जुन्या सिंचनवास्तूंच्या जागतिक वारशाच्या यादीत या तलावाचं नाव लागलं. उन्हाळ्यात मालवणात अंग चिकचिकतं तेव्हा इथल्या झाडांखाली गारवा असतो. देवळाच्या पायरीवर बसून डबा खा, कागद-पिशव्या परत घेऊन या.

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. त्या दिवसांत येऊन होडी मागू नका. पण नारळीपौर्णिमेला जरूर या. मालवणच्या बंदरावर सगळा गाव लोटतो, दर्याला नारळ अर्पण होतो, बाया-बापये हातात नारळ घेऊन नारळ लढवतात, ज्याचा फुटला तो हरला. तेव्हा समुद्र तांबूस, खवळलेला असतो आणि तुम्हाला सुट्टीच्या महिन्यांत दिसतो त्यापेक्षा फार वेगळा दिसतो.

कॅलेंडरवर चालणाऱ्या माणसाला आमच्याकडे थोडं जड जातं, हे मी मान्य करते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा एवढी मोठी, पण तिचीही तारीख वर्षाच्या सुरुवातीला कुणी सांगू शकत नाही. देवीचा कौल मिळाल्यावरच ती ठरते, आणि मग मुंबईतले चाकरमानी धावत-पळत तिकिटं काढतात. त्यांना कधी ते जाचाचं वाटलेलं मी ऐकलं नाही.

घर चालवणाऱ्या आम्हा लोकांचीही यात जबाबदारी आहे आणि मी माझ्यापुरती ती उचलली आहे. आता फोनवर खोली विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तारीख विचारते, कॅलेंडर बघते आणि सांगते की तुमच्या दोन दिवसांत पुळण कितीला वर येईल, किल्ल्याला कधी निघा, संगमाकडे कधी जाऊ नका. पडवीत एक फळा लावलाय. सासरे तिथी सांगतात, माझा मुलगा खडूने भरती-सुकतीच्या वेळा लिहितो. देवबागेतल्या आणखी दोन-तीन घरांनी तसे फळे लावलेत. तुम्ही जिथे उतराल तिथे फळा नसेल तर मागा. तुम्ही मागितलंत की लागेल.

आणि ज्यांची लाल बादली आमच्याकडे आहे त्यांना: ती मी पोस्टाने पाठवणार होते, पण पाठवली नाही. तुम्ही परत यावं असं मनापासून वाटतं. दोन खोल्या तुमच्यासाठी ठेवीन. चतुर्थी-पंचमीच्या आसपासचे दिवस धरा, शुद्धातले चालतील, वद्यातले चालतील. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पुळण पूर्ण वर आलेली असते आणि पाणी परत फिरायला पुढे दोन-तीन तास मिळतात. आमच्या मागच्या दारातून होडीने पाच मिनिटं. किल्ला बांधायला ओली वाळू लागते, ती तेव्हा भरपूर असते.

आपली,
देवबागेतली एक घरमालकीण